समुद्री शिंपले आणि प्रदूषण: ‘स्कोप फॉर ग्रोथ’ घ्यावं की ‘डेब’?

छत्रपती संभाजीनगर, नांदेड किंवा लातूरच्या प्रयोगशाळेत समुद्री शिंपल्यांवर काम करायचं म्हटलं, की समुद्र लांब असल्याची अडचण पहिल्याच आठवड्यात कळते. प्रदूषणाचा शिंपल्यांवरचा परिणाम मोजायला चुकीचं मॉडेल, म्हणजे हिशेबाची चौकट, निवडल्याचं मात्र फार उशिरा कळतं. तोवर आकडे गोळा करून झालेले असतात आणि मॉडेलला लागणारे नेमके तेच त्यात नसतात. म्हणून टाकीत पहिला शिंपला सोडण्याआधी हा निर्णय घ्या.

किती मेले, किती वाढले हे मोजून मात्रा-प्रतिसाद वक्र, म्हणजे विषाची मात्रा वाढली की परिणाम कसा वाढतो याचा आलेख, काढणं ही सर्वात सोपी वाट. ‘आर’ या संख्याशास्त्राच्या सॉफ्टवेअरमधल्या डीआरसी पॅकेजवर ते अर्ध्या दिवसाचं काम आहे. पण ९६ तासांच्या प्रयोगातून आलेला आकडा तीन महिन्यांना लावता येत नाही आणि तापमान किंवा खाद्य बदललं की तोही बदलतो. मुख्य प्रयोगाच्या मात्रा ठरवण्यापुरता तो वापरा. खरी निवड ‘स्कोप फॉर ग्रोथ’ आणि ‘डेब’ या पुढच्या दोन मॉडेलांत आहे.

‘स्कोप फॉर ग्रोथ’ ही कल्पना वॉरन आणि डेव्हिस यांनी १९६७ मध्ये माशांसाठी मांडली. बेन आणि विडोज यांनी ती शिंपल्यांवर आणली. खाद्यातून शोषलेल्या ऊर्जेतून श्वसनात खर्च झालेली आणि अमोनियाच्या रूपात बाहेर टाकलेली ऊर्जा वजा केली, की वाढीला आणि प्रजननाला उरलेली शिल्लक मिळते. श्वसनासाठी एका मायक्रोमोल ऑक्सिजनला ०.४५६ ज्यूल धरतात आणि अमोनियासाठी एका मायक्रोमोलला ०.३४९ ज्यूल.

सगळ्यात जपून मोजायची गोष्ट म्हणजे पाणी गाळण्याचा वेग. दोन लिटरच्या बीकरमध्ये एक शिंपला ठेवा, आयसोक्रायसिस शैवाल मिलिलिटरला २०,००० पेशी होईल इतकं घाला, हलकी हवा चालू ठेवा. कवचं उघडली की घड्याळ लावा आणि ठरावीक वेळाने पेशी मोजा. अर्ध्या तासात २०,००० च्या १२,००० झाल्या, तर दोन्हींच्या गुणोत्तराचा नैसर्गिक लॉग ०.५१ येतो; त्याला दोन लिटरने गुणून अर्ध्या तासाने भागलं, की वेग तासाला सुमारे २.०४ लिटर. शेजारी शिंपल्याविना एक बीकर हवाच, नाहीतर तळाशी बसलेलं शैवालही शिंपल्याने खाल्लं असं धरलं जाईल.

आता हिशेब पाहा. समजा पाण्यात लिटरला ०.४ मिलिग्रॅम सेंद्रिय कण आहेत, मिलिग्रॅममागे २३ ज्यूल आणि शोषणक्षमता, म्हणजे खाल्लेल्यातला शोषला जाणारा हिस्सा, ०.६. मग शोषलेली ऊर्जा तासाला ११.३ ज्यूल. श्वसनाला १२ मायक्रोमोल ऑक्सिजन आणि एक मायक्रोमोल अमोनिया असे मिळून ५.८ ज्यूल गेले. शिल्लक ५.५. समजा पाण्यातलं प्रदूषण तांब्याचं आहे; त्यामुळे गाळण्याचा वेग फक्त चौथ्या हिश्शाने घटला आणि बाकी सगळं तसंच राहिलं, तर शिल्लक उरते २.६, म्हणजे निम्म्याहून कमी. ही पद्धत इतकी संवेदनशील आहे ती याचमुळे, आणि मोजणीतली छोटी चूक निकाल बिघडवते तीही याचमुळे. सगळे आकडे एक ग्रॅम कोरड्या मांसाच्या प्रमाणित शिंपल्यावर आणल्याशिवाय तुलना करू नका.

तांब्याच्या प्रयोगात दोन ठिकाणी हमखास फसगत होते. शैवाल ज्यात वाढवतात त्या वॉल्नेच्या माध्यमात ईडीटीए हे धातू बांधून ठेवणारं रसायन असतं आणि ते तांब्याला धरून ठेवतं. वाढवलेलं शैवाल माध्यमासकट टाकीत ओतलं, की विष कागदावर राहतं, शिंपल्यापर्यंत पोचत नाही. शैवाल सेंट्रिफ्यूज करून स्वच्छ समुद्रपाण्यात पुन्हा मिसळा आणि टाकीतलं तांबं एएएसवर, म्हणजे धातू मोजणाऱ्या अ‍ॅटॉमिक अ‍ॅब्सॉर्प्शन यंत्रावर, प्रत्यक्ष मोजा. दुसरं, तांबं जाणवलं की शिंपला कवचच मिटतो. तेव्हा शून्य गाळणी म्हणजे शरीरात विषबाधा झाली असं नव्हे. किती वेळ कवच उघडं होतं याची वेगळी नोंद ठेवा.

‘स्कोप फॉर ग्रोथ’ची मर्यादा अशी, की शिल्लक किती हे ते सांगतं, ती मांसात गेली की अंड्यांत हे सांगत नाही. शिवाय तो त्या दिवसापुरता फोटो असतो.

‘डेब’ म्हणजे डायनॅमिक एनर्जी बजेट. कोइमन यांनी १९७९ पासून उभारलेला सिद्धांत. अन्नाची ऊर्जा आधी साठ्यात जाते. साठ्यातून निघालेल्या ऊर्जेचा ‘कापा’ हा हिस्सा शरीराच्या देखभालीला आणि वाढीला मिळतो, उरलेला परिपक्वतेला आणि प्रजननाला. विष यातल्या कोणत्या नळावर बसलं, हे आकड्यांच्या आकारावरून ओळखता येतं. अन्नशोषण घटलं किंवा देखभालीचा खर्च वाढला, तर शिंपला अखेरीस लहानच राहतो. वाढीचा खर्च वाढला, तर तो हळू वाढतो, पण अखेरचा आकार तोच. अंड्याचा खर्च वाढला, तर वाढीला धक्का न लागता अंडी घटतात. प्रजनन हाच तुमचा प्रश्न असेल तर ‘डेब’ला पर्याय नाही.

त्याची किंमतही मोठी आहे. एकाच खाद्यपातळीवर प्रयोग केला, तर शोषणातली घट आणि देखभालीतली वाढ वेगळी करता येत नाही. किमान दोन खाद्यपातळ्या आणि चार-पाच मात्रा लागतात. लांबी-वजन पाच-सहा वेळा घ्यावं लागतं, प्रयोग तीन महिन्यांच्या आत आटोपत नाही. मूळ घटकांच्या किमती स्वतः काढण्याचा हट्ट नको. प्रजातींचे ‘डेब’ घटक देणाऱ्या ‘अॅड-माय-पेट’ या ऑनलाइन संग्रहात तुमची किंवा जवळची प्रजाती पाहा, त्या किमती स्थिर धरा आणि विषाचे तीनच घटक काढा: शरीरातून निघण्याचा वेग, परिणाम न होणारी मर्यादा आणि त्यापुढची तीव्रता. ‘डेब’चं सॉफ्टवेअर डेबटूल मॅटलॅब या परवाना लागणाऱ्या गणिती सॉफ्टवेअरवर चालतं. परवाना नसेल तर तीच समीकरणं ‘आर’च्या डीसॉल्व्ह पॅकेजमध्ये लिहिता येतात.

हार्मोनवर घाला घालणाऱ्या विषांसाठी दोन्ही अपुरी आहेत. टीबीटीमुळे (जहाजांच्या रंगात वापरलं गेलेलं कथिलाचं संयुग) मादी शंखांना नराचं इंद्रिय फुटतं, त्याचा ऊर्जेच्या हिशेबाशी थेट संबंध नाही.

आता आपल्याकडची व्यवस्था. रत्नागिरीहून हिरवे शिंपले, म्हणजे पेर्ना व्हिरिडिस, ओल्या गोणपाटात गुंडाळून थर्मोकोलच्या पेटीत आणा. बर्फ अंगाला लागू देऊ नका, पाण्यात बुडवूनही आणू नका. पावसाळ्यात खाडीची क्षारता कोसळते, तेव्हाचा शिंपला आधीच ताणाखाली असतो. सगळे पावसाळ्यानंतर एकाच खेपेत आणा. मिठाचं पाणी बोअरच्या जड पाण्यात बनवू नका. आरओ किंवा डिस्टिल्ड पाण्यात लिटरला ३० ते ३५ ग्रॅम समुद्री मीठ घालून क्षारता रिफ्रॅक्टोमीटरने तपासा. वीज जाते हे गृहीत धरून हवेचा पंप बॅटरीवरचा ठेवा, आणि एप्रिल-मेमध्ये लांब प्रयोग लावू नका.

एवढं जमणार नसेल तर पैठणच्या नाथसागरातला लॅमेलिडेन्स मार्जिनॅलिस हा गोड्या पाण्यातला शिंपला आहे. ‘स्कोप फॉर ग्रोथ’ त्याच्यावर छान बसतं. प्रजननाचं मॉडेल मात्र तसंच उचलू नका. याची मादी ग्लोकिडियम डिंभ, म्हणजे पिल्लांची पहिली अवस्था, कल्ल्यांत वाढवते आणि पुढे त्यांना चिकटून राहायला मासा लागतो. पेर्ना अंडी-शुक्राणू थेट पाण्यात सोडतो. गोड्या पाण्यात तांब्याची विषारता पाण्याच्या कठीणपणावरही ठरते, म्हणून तिथली मर्यादा समुद्राला लावू नये.

एमएस्सीचा प्रकल्प असेल तर ‘स्कोप फॉर ग्रोथ’च घ्या. पीएचडी असेल आणि प्रश्न प्रजननाचा असेल तर ‘डेब’ घ्या, पण पहिल्या वर्षी ‘स्कोप फॉर ग्रोथ’ची मोजमापं अशी करा की ती पुढे वापरता येतील: प्रत्येक शिंपल्याची लांबी, ओलं आणि कोरडं वजन, तापमान, दिलेलं खाद्य आणि लिंग. पेर्नात कवचाच्या आतल्या मांसल आवरणाचा रंग पाहून लिंग कळतं: मादीचा नारिंगी-लाल, नराचा दुधाळ पांढरा. सरासरी नव्हे, एकेका शिंपल्याची ओळ वहीत ठेवा. सरासरीवरून ‘डेब’चे घटक काढता येतात, पण शिंपल्या-शिंपल्यातला फरक मग कुठूनच परत मिळत नाही.