हिमनदीवर जायचं, तर पायी की स्कीवर?

राजहंसगड आणि जांबोटीचं रान पालथं घालणारी आमच्या बेळगावातली पोरं आता हिमनदीची स्वप्नं बघतात. पायी जावं की स्कीवर, हा त्यांचा प्रश्न.

पायी जाणं आपल्या ओळखीचं. बुटाला क्रॅम्पॉन, म्हणजे लोखंडी दात्यांचा सांगाडा, हातात आइस अ‍ॅक्स, म्हणजे बर्फाची कुदळ. कडक, उभ्या बर्फावर यासारखं भरवशाचं काही नाही. पण बर्फ भुसभुशीत झाला की गुडघ्यापर्यंत पाय रुततो आणि दिवस तिथंच संपतो.

स्की टूरिंगची, म्हणजे स्कीवरच डोंगर चढून उतरण्याची, खरी गंमत चढणीत आहे. स्कीच्या तळाला 'स्किन' नावाची लवदार पट्टी चिकटवतात. मांजराच्या पाठीवरून हात फिरवून बघा: एका बाजूनं मऊ, उलट बाजूनं अडतो. स्किन तशीच पुढं सरकते, मागं घसरत नाही. चढताना बुटाची टाच स्कीपासून मोकळी, त्यामुळं चाल चालण्यासारखीच. माथ्यावर पट्टी सोलायची, गोंद गारठू नये म्हणून जॅकेटच्या आत ठेवायची, टाच स्कीला अडकवायची आणि उतरायचं! वजन लांब स्कीवर पसरतं, म्हणून हिमनदीतल्या खोल भेगांवरचे बर्फाचे पूल खचण्याचा धोका कमी. कमी म्हणजे नाही असं नव्हे, दोर हवाच. उन्हानं बर्फ मऊ पडतो, म्हणून ऊन चढायच्या आत परतायला हवं. हिमस्खलनासाठी ट्रान्सीव्हर (गाडलेल्याचा ठाव सांगणारं रेडिओ यंत्र), प्रोब (बर्फात खुपसून शोधायची लांब काठी), फावडं प्रत्येकाकडं पाहिजे, कारण गाडलेल्याला वाचवायला मिनिटंच हातात असतात.

माझं मत विचाराल तर आधी पायी. उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेत बेसिक कोर्स करा, मग गुलमर्गला स्की शिका. उतारावर वळता येत नसेल, तर हिमनदीवर स्की नेऊच नका.