ठाण्यातील मॉडेल रेल्वे प्रदर्शन : घाट उत्तम, पण १८५३ ची गाडी कुठे आहे?

नौपाड्यातील एका शाळेच्या सभागृहात शनिवार-रविवारी भरलेले मॉडेल रेल्वेचे प्रदर्शन हे ठाणे, मुलुंड आणि डोंबिवली परिसरातील छंदी मंडळींच्या एका लहानशा गटाने स्वतःच्या खर्चाने मांडले होते. महागडी परदेशी इंजिने काचेच्या कपाटात रांगेने ठेवून दाखवण्याचा सोपा मार्ग या गटाने सोडून दिला आहे. गाड्या प्रत्यक्ष चालवायच्या, आणि वाफेचे इंजिन नेमके काम कसे करत असे ते आलेल्या प्रत्येकाला समजेपर्यंत सांगायचे, यावर त्यांचा सगळा भर आहे. हे प्रदर्शन पुन्हा भरेल तेव्हा सवड काढून जावे, असे मी मुख्यतः याच कारणासाठी म्हणतो.

मांडणी तुकड्यांची आहे. प्रत्येक सभासद आपापल्या घरी चार फूट लांब आणि दोन फूट रुंद अशा लाकडी टेबलावर देखावा तयार करतो, आणि टेबलांच्या दोन्ही टोकांना रुळांची जागा व उंची आधीच ठरलेली असल्यामुळे सभागृहात आल्यावर सगळे तुकडे एकमेकांना बोल्टने जोडून सलग मार्ग तयार होतो. मुंबई महानगरात ज्यांच्याकडे एक जादा खोलीही नाही त्यांना हा छंद जोपासायचा तर याहून चांगली युक्ती नाही. प्रमाण बहुतांशी एचओ, म्हणजे १:८७ आहे, आणि दोन रुळांमधले अंतर १६.५ मिलिमीटर आहे. आपला ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटरचा असल्यामुळे या प्रमाणात तो सव्वाएकोणीस मिलिमीटरच्या आसपास यायला हवा. तयार रुळांवर भारतीय डबे ठेवले की चाके आत गेल्यासारखी दिसतात ती यामुळेच. एका सभासदाने स्वतः लाकडी स्लीपर कापून, रूळ हाताने ठोकून योग्य रुंदीचा एक तुकडा बनवला होता. तो मुख्य मार्गाला जोडता येत नसल्यामुळे वेगळ्या टेबलावर होता, पण खिडकीजवळ बसून त्याच्याकडे नुसते पाहत राहावे इतका तो सुबक होता.

प्रदर्शनाचा जीव मात्र बोरघाटाच्या देखाव्यात आहे. ग्रेट इंडियन पेनिन्सुला (जीआयपी) रेल्वेने १८५६ मध्ये या घाटाचे काम सुरू केले आणि १८६३ मध्ये घाटातून गाड्या धावू लागल्या. मुख्य अभियंता जेम्स बर्कली ते पाहायला हयात नव्हता. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ मध्ये येथे आल्यानंतर थोड्याच काळात मरण पावला आणि त्याची पत्नी अ‍ॅलिस हिने कंत्राट आपल्या हाती घेऊन काम पुरे करवले. हजारो मजूर त्या डोंगरात राबले आणि त्यांतले कितीतरी पटकीने दगावले. देखाव्याशेजारच्या फलकावर या मजुरांचा उल्लेख पहिल्या परिच्छेदातच केलेला आहे, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटली, कारण रेल्वेच्या इतिहासात साहेबांची नावे आधी आणि मजूर शेवटी, असाच क्रम आपण वाचत आलो आहोत.

घाटाचा चढ ३७ फुटांस एक फूट आहे. कागदावर हा आकडा निरुपद्रवी दिसतो; पण चार फुटांच्या टेबलावर तो जेमतेम सव्वातीन सेंटिमीटरची उंची देतो आणि तेवढ्यावरही एकटे इंजिन सहा डबे घेऊन चढताना चाके घसरवू लागते. मग मागून दुसरे इंजिन लावले जाते. पुढचे ओढते, मागचे ढकलते, आणि दोघांचा वेग जुळला नाही तर मधले डबे एकमेकांवर चढतात किंवा कपलिंग सुटते. खऱ्या घाटात बँकर, म्हणजे मागून ढकलणारी, इंजिने का लागतात, हे शाळकरी मुलांना या एका प्रयोगातून जितके कळले तितके कोणत्याही पाठ्यपुस्तकातून कळणार नाही. खंडाळ्याजवळचे जुने उलटफेरीचे स्थानक तर पूर्ण चालते केलेले आहे. डोंगरकड्यावर वळायला जागा नसल्यामुळे गाडी तेथे एका टोकाने आत शिरत असे, इंजिन सोडून दुसऱ्या टोकाला जोडले जाई आणि गाडी उलट दिशेने पुढची वाट चढे. येथे एक सभासद रुळांचे सांधे बदलणारा सांधेवाला होतो, दुसरा ड्रायव्हर, तिसरा गार्ड. सांधा लागल्याची खूण मिळाल्याशिवाय इंजिन हलत नाही. माझ्यासमोर एका सात-आठ वर्षांच्या मुलीच्या हाती नियंत्रक देण्यात आला आणि "ताई, घाई नको, आधी सिग्नल बघ," असे तिला सांगणारे काका तिच्या बाजूला गुडघे टेकून बसले होते. तिने इंजिन सोडवले, वळसा घालून आणले आणि इतक्या हळू जोडले की डब्यांना धक्काही बसला नाही.

याच देखाव्यात मला एक गोष्ट खटकली आणि ती सांगितलीच पाहिजे. उलटफेरीच्या स्थानकातून जी गाडी चालवली जात होती तिचे इंजिन डब्ल्यूपी या प्रवासी गाड्यांच्या वाफेच्या इंजिनांच्या वर्गाचे होते. या वर्गाची पहिली इंजिने अमेरिकेतील बाल्डविन कारखान्यातून १९४७ मध्ये आली, तर उलटफेरीचे स्थानक १९२९ मध्ये नवी वाट झाल्यावर वापरातून गेले, आणि त्याच सुमारास घाटात विजेची इंजिने आली. म्हणजे या दोघांची गाठ कधी पडलीच नाही. आयोजकांचे म्हणणे असे की जीआयपीच्या जुन्या इंजिनांची तयार मॉडेल बाजारात मिळत नाहीत आणि लोकांना डब्ल्यूपीचे टोकदार, चांदणी लावलेले नाक पाहायला आवडते. दोन्ही म्हणणी खरी आहेत, आणि जे मिळते ते चालवण्यात काही गैर नाही, परंतु तसे फलकावर दोन ओळींत लिहिले असते तर घरी जाणाऱ्या मुलाच्या डोक्यात चुकीचे चित्र राहिले नसते.

इंजिनांविषयी बोलायचे तर डब्ल्यूपी आणि डब्ल्यूजी ही जोडी शेजारी शेजारी ठेवण्याचा निर्णय उत्तम होता. पहिले प्रवासी गाड्यांसाठी, ४-६-२ चाकरचनेचे (पुढे चार लहान, मध्ये गाडी ओढणारी सहा, मागे दोन लहान चाके) आणि मोठ्या चाकांचे. दुसरे मालगाड्यांसाठी, २-८-२ रचनेचे आणि लहान चाकांचे. पण बॉयलर दोघांचा एकच. डब्ल्यूपी ७५५ बनली, डब्ल्यूजी २,४५०. चित्तरंजनच्या कारखान्याने १९५० मध्ये डब्ल्यूजीपासूनच सुरुवात केली आणि १९७० मध्ये शेवटचे ब्रॉडगेज वाफेचे इंजिन बनवले तेही डब्ल्यूजीच. त्याचे नाव 'अंतिम सितारा'. १:८७ मध्ये डब्ल्यूपी टेंडरसह, म्हणजे मागच्या कोळसा-पाण्याच्या गाड्यासह, वीतभराहून थोडीशी जास्त भरते.

आवाजाची मॉडेलही होती. दोन सिलिंडरच्या इंजिनात प्रत्येक दट्ट्या दोन्ही बाजूंनी ढकलला जातो आणि दोन्ही बाजूंच्या क्रँकमध्ये पाव फेऱ्याचे अंतर असते, त्यामुळे चाकाच्या एका फेऱ्यात चार हुंकार ऐकू आले पाहिजेत. मी कान देऊन मोजले. डब्ल्यूजीचे चार बरोबर पडत होते. दुसऱ्या एका इंजिनाचे हुंकार चाकांशी अजिबात जुळत नव्हते आणि वेग वाढल्यावर तर ते नुसतेच फुसफुसत होते. डिजिटल नियंत्रणात रुळांतून सतत वीज असते आणि प्रत्येक इंजिनातील छोटा डिकोडर आपल्या क्रमांकाची आज्ञा तेवढी उचलतो. त्या डिकोडरमधला एक आकडा बदलला की हुंकार चाकाशी जुळवता येतात. हे काम घरीच उरकून यायला हवे होते.

दर्शनी भागात असायला हवी होती ती वस्तू आयोजकांनी पार मागच्या कोपऱ्यात, चहाच्या टेबलाशेजारी ठेवली होती. सिलिंडर मधोमध कापून दाखवणारी ती लाकूड आणि अ‍ॅक्रिलिकची हातभर प्रतिकृती आहे. दांडा फिरवला की दट्ट्या सरकतो, त्यावरची झडप उघडते-मिटते आणि झडप हलवणारे वॉलशार्ट्स पद्धतीचे सगळे दांडे त्यांच्या लयीत हलू लागतात. ड्रायव्हरने रिव्हर्सिंग लिव्हर मागे ओढला की वाफ दट्ट्याची पूर्ण धाव होण्याआधीच तोडली जाते आणि उरलेली धाव आत कोंडलेली वाफ स्वतः प्रसरण पावून पुरी करते. कोळसा व पाणी वाचते ते तेथे. काम संपलेली वाफ धुराड्यातून जोराने बाहेर पडताना भट्टीतली हवा ओढून घेते, म्हणून इंजिनावर जितका भार तितकी आग भडकते. लोको शेडमध्ये उमेदवारी केलेले एक निवृत्त गृहस्थ हे समजावून देत होते, आणि त्यांच्याभोवती उभे राहून मी जेवढे शिकलो तेवढे उरलेल्या सभागृहात मिळून शिकलो नाही.

तक्रारी आणखी दोन आहेत. फलकांपैकी बरेच केवळ इंग्रजीत होते, आणि आजी-आजोबा नातवंडांना ते वाचून दाखवताना अडखळत होते. दुसरी तक्रार मोठी आहे. १६ एप्रिल १८५३ रोजी दुपारी बोरीबंदरहून २१ तोफांच्या सलामीत निघालेली १४ डब्यांची गाडी, साहिब, सिंध आणि सुलतान ही तीन इंजिने लावून, सुमारे ४०० पाहुण्यांसह ३४ किलोमीटर धावून ज्या गावात आली ते गाव ठाणे आहे. तरीही सभागृहात त्या गाडीचा एक छापील फोटोसारखा फलक सोडल्यास काहीही नव्हते. ती इंजिने इंग्लंडच्या व्हल्कन फाउंड्रीची, लहानखुरी, पुढे दोन लहान चाके आणि मागे चार जोडचाके अशी साधी होती. ज्या हातांनी सव्वाएकोणीस मिलिमीटरचे रूळ ठोकले त्या हातांना ती बनवणे अशक्य नाही. त्या गाडीसोबत १८५४ मध्ये कल्याणपर्यंत मार्ग वाढला तेव्हाचा खाडीवरील पूल, किंवा १९१६ साली पारसिकचा बोगदा खुला होईपर्यंत डोंगराला वळसा घालून मुंब्र्यावरून जाणारी वाट, यांपैकी एखादा तुकडा उभा राहिला तर हे प्रदर्शन खऱ्या अर्थाने ठाण्याचे होईल.

माथेरानचा तुकडा लहान पण नेटका होता. १९०७ साली सुरू झालेल्या त्या मार्गाची दोन फुटी रुंदी या प्रमाणात सात मिलिमीटर येते. येथे सोयीसाठी एन या एचओहून लहान मापाचे नऊ मिलिमीटरचे रूळ वापरले आहेत आणि ते फलकावर प्रामाणिकपणे लिहिलेही आहे.

नव्याने सुरुवात करू इच्छिणाऱ्यांना सभासदांनी दिलेला सल्ला मला पटला. पहिल्याच दिवशी आवाजाचे महागडे इंजिन घेऊ नये. लंबगोल रूळ, साधा १२ व्होल्टचा नियंत्रक, एक शंटिंग इंजिन आणि दोन वाघिणी घेऊन एक टेबल पुरे करावे. रूळ आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसण्याची सवय लावावी, कारण आपल्याकडच्या दमट हवेत आणि धुळीत अडखळणाऱ्या दहा गाड्यांपैकी बहुतेकींचे दुखणे मळलेल्या रुळांतच असते. गट महिन्यातून एकदा एकत्र जमतो, नवख्याला सांधे आणि वायरिंग शिकवतो, आणि स्वतःचा तुकडा नसलेल्यालाही गाडी चालवायला देतो. मुलांना घेऊन जाणार असाल तर रविवारी सकाळी दार उघडतानाच जा. दुपारनंतर घाटाच्या टेबलाभोवती इतकी गर्दी होते की लहान मुलांना काहीच दिसत नाही, आणि आयोजकांनी पुढच्या वेळी तेथे एक लांब बाक ठेवायला हवा.