मानवी हक्कांचा पदव्युत्तर अभ्यास घरबसल्या: बंगळूरची पदविका की लंडनची एलएलएम?

नोकरी सांभाळून मानवी हक्कांचा पदव्युत्तर अभ्यास करायचा म्हटलं की दोन नावं हमखास पुढे येतात. एक, बंगळूरच्या नॅशनल लॉ स्कूलची मानवी हक्क कायद्यातली पदव्युत्तर पदविका. दुसरं, लंडन विद्यापीठाची दूरशिक्षणाने होणारी एलएलएम, म्हणजे कायद्यातली पदव्युत्तर पदवी, मानवी हक्क हा विशेष विषय घेऊन. दोन्ही इंग्रजीत आहेत आणि दोन्हींसाठी गाव सोडावं लागत नाही. साम्य एवढंच.

बंगळूरची पदविका वर्षभराची. कुठल्याही शाखेचा पदवीधर चालतो, त्यामुळे समाजकार्य, पत्रकारिता किंवा शिक्षकी पेशातली माणसंही तिच्याकडे वळतात. लंडनचा मामला लांबचा. तिथे मॉड्यूल, म्हणजे अभ्यासाचे छोटे घटक, मोजतात: 5 झाली की पदव्युत्तर प्रमाणपत्र, 10 झाली की पदविका, 16 झाली की एलएलएम. सगळं एका वर्षातही उरकता येतं, पाच वर्षंही घेता येतात. कायद्याची पदवी नसेल तर प्रमाणपत्रापासून सुरुवात करून वर चढण्याची सोय आहे. यूसीएल आणि क्वीन मेरी या लंडनमधल्या दोन संस्था अभ्यासक्रमाची शैक्षणिक बाजू सांभाळतात. फी मात्र पौंडात, आणि ती मॉड्यूलगणिक भरत गेलं तरी 16 मॉड्यूलची बेरीज शेवटी आपल्याच खिशातून जाते. मध्येच थांबलात तरी हाती काहीतरी राहतं, हा लंडनचा मोठा गुण. नोकरी, घर आणि आजारपणं यांच्या गर्दीत शिकणाऱ्याला त्याची किंमत कळते.

आता ज्याबद्दल जाहिराती गप्प असतात ते. प्राध्यापक व्हायचं असेल तर या दोन्हींवर भिस्त ठेवू नका. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) नेट या प्राध्यापक-पात्रता परीक्षेत ‘मानवी हक्क आणि कर्तव्ये’ हा स्वतंत्र विषय आहे, त्याचा क्रमांक 92. पण त्या वाटेने सहायक प्राध्यापक व्हायला पदव्युत्तर पदवी लागते, पदविका पुरत नाही. आणि कायद्याच्या महाविद्यालयात शिकवायचं तर अडचण आणखी मोठी. दूरस्थ व ऑनलाइन शिक्षणाच्या यूजीसी नियमांत कायद्याचे पदवी अभ्यासक्रम बसतच नाहीत, आणि कायद्याच्या शिक्षणावर देखरेख करणाऱ्या बार कौन्सिलने 2025 मध्ये पूर्वमान्यतेशिवाय चालणाऱ्या ऑनलाइन, दूरस्थ आणि हायब्रिड एलएलएमबद्दल उघड इशारा दिला. परदेशी पदवीला भारतात समकक्षता, म्हणजे इथल्या पदवीइतकी मान्यता, हवी असेल तर त्याची चौकशी पैसे भरण्याआधी, लेखी करा. एजंटच्या ‘चालतं हो सगळीकडे’ला काही अर्थ नाही.

खरा फरक अभ्यासाच्या आशयात आहे. समजा, गडचिरोलीत किंवा नंदुरबारमध्ये काम करताना तुमच्या हाती पोलीस कोठडीतल्या मृत्यूचं प्रकरण आलं. तेव्हा माहीत असावं लागतं ते हे: अशा मृत्यूची खबर 24 तासांत राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाला द्यावी, ही आयोगाची 1993 पासूनची सूचना आहे, चौकशी न्यायदंडाधिकाऱ्यामार्फत होते, आयोगाकडे तक्रार मराठीतही करता येते, घटनेला एक वर्ष उलटलं की आयोग चौकशी करू शकत नाही, आणि आयोगाचा शेवटचा शब्द आदेश नसून शिफारस असते, म्हणून उच्च न्यायालयाची वाट उघडी ठेवावी लागते. हे सगळं 1993च्या मानवी हक्क संरक्षण कायद्याच्या आणि संविधानाच्या अंगाने येतं. त्यासाठी बंगळूर जवळचं, फक्त अंतराने नव्हे.

लंडनचा अभ्यास संयुक्त राष्ट्रांचे करार, स्ट्रासबर्गचं युरोपीय मानवी हक्क न्यायालय, देशोदेशींच्या कायद्यांची तुलना या बाजूने जातो. भारताने नागरी-राजकीय आणि आर्थिक-सामाजिक हक्कांचे दोन्ही मोठे करार 1979 मध्ये स्वीकारले, पण त्यांखाली व्यक्तीने थेट संयुक्त राष्ट्रांच्या समितीकडे तक्रार करण्याची वाट मान्य केली नाही. छळविरोधी करारावर 1997 मध्ये सही केली, तो अजून मंजूर केलेला नाही. मग इथल्या वकिलाने हे शिकून करायचं काय? तर त्याच 1997 सालचा विशाखा निकाल बघा. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्ध देशात कायदा नव्हता, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने स्त्रियांविरुद्धचा भेदभाव संपवण्याच्या आंतरराष्ट्रीय कराराचा आधार घेऊन मार्गदर्शक तत्त्वं घालून दिली. संसदेचा कायदा आला 2013 मध्ये. तृतीयपंथीयांच्या हक्कांच्या 2014च्या नाल्सा निकालातही योग्यकार्ता तत्त्वांचा, म्हणजे लैंगिक कल आणि लिंगओळखीबाबतच्या आंतरराष्ट्रीय तत्त्वांचा, आधार दिसतो. उच्च न्यायालयात जनहित याचिका लढवणाऱ्याला आंतरराष्ट्रीय कायदा असा उपयोगी पडतो. तालुका पातळीवर काम करणाऱ्याला त्याची गरज वर्षानुवर्षं पडणार नाही.

म्हणून माझा कौल सरळ आहे: इथल्या स्वयंसेवी संस्थेत काम करणाऱ्याने बंगळूर बघावं. परदेशी संस्थेत किंवा संयुक्त राष्ट्रांच्या यंत्रणेत जायचं असेल, किंवा आधीच दुबई-लंडनकडे स्थिरावला असाल, तर लंडन. भारतीय समकक्षतेचा प्रश्न तिथे तितका आड येत नाही. ऑक्सफर्डची आंतरराष्ट्रीय मानवी हक्क कायद्यातली अर्धवेळ पदव्युत्तर पदवीही आहे, पण ती पूर्ण ऑनलाइन नाही. 22 महिन्यांत दोनदा उन्हाळ्यात प्रत्यक्ष ऑक्सफर्डला राहावं लागतं. व्हिसा, तिकीट, रजा हे सगळं आलं.

यातलं काहीही ठरवण्याआधी फुकटचं तपासून घ्या. बेल्जियमच्या लूव्हेन विद्यापीठाचा आंतरराष्ट्रीय मानवी हक्क कायद्याचा कोर्स एडएक्स या ऑनलाइन शिक्षणाच्या संकेतस्थळावर आहे, शिकवणारे ऑलिव्हिए द शुटर. संयुक्त राष्ट्रांचे अन्नाच्या हक्काविषयीचे विशेष प्रतिवेदक (स्वतंत्र तज्ज्ञ) म्हणून त्यांनी 2008 ते 2014 काम केलं आहे. यूजीसीच्या ई-पीजी पाठशाला या ऑनलाइन संग्रहातही या विषयाचं पदव्युत्तर पातळीचं साहित्य आहे, जरा रुक्ष, पण भारतीय. रात्री जेवण उरकून चाळीस पानांचा इंग्रजी निकाल सलग वाचवतो का, हे दोन-तीन आठवड्यांत कळतं. नाही वाचवला, तर निदान पौंड वाचले. विद्यार्थीदशेत असाल तर राष्ट्रीय आयोगाची दोन आठवड्यांची ऑनलाइन इंटर्नशिपही असते. तिच्या जाहिरातीवर लक्ष ठेवा.