दीडशे रुपयांत झाला! किंग्ज सर्कलच्या फुटपाथवर मिळालेल्या हंगेरीच्या नकाशाचा रिव्ह्यू

नकाशा हंगेरीतल्या एका जिल्ह्याचा आहे आणि त्या जिल्ह्याचं नावच झाला (Zala) आहे, मी काय करू. आपण 'काम झाला का' मधला म्हणतो जवळजवळ तसाच. माटुंग्याला किंग्ज सर्कलला फुटपाथवर जुन्या पुस्तकांचे स्टॉल लागतात ना, तिथे इंजिनिअरिंगच्या गाईडांखाली हा घडीचा नकाशा दबलेला होता, काका दोनशे म्हणाले, मी म्हटलं काका माझ्याशिवाय हा घेणार कोण, तर हसले आणि दीडशेला दिला.

आधी माल कसा आहे ते. कागद जाड, घड्यांवर झिजलेला, दोन ठिकाणी सेलोटेप आणि उजवीकडचा खालचा कोपरा गायब, त्यातच छपाईचं साल गेलं. स्केल १:१,५०,००० म्हणजे एका सेंटीमीटरला दीड किलोमीटर. चर्चगेट ते बोरिवली साधारण ३४ किलोमीटर, या नकाशावर ती माझी एक वीत भरते. हॉलमध्ये पसरला तर आई म्हणाली, आता जेवायचं काय गॅलरीत?

साल नाही म्हणून मी शोधत बसले (रविवार होता, मेगाब्लॉक होता, जाणार कुठे). स्लोव्हेनिया आणि क्रोएशिया वेगळे देश दाखवलेत म्हणजे १९९१ नंतरचा. क्रोएशियाकडे जाणारा एम ७ मोटरवे नाहीये, पण तो काय इथे २००८ ला पूर्ण झाला. झालालोवो गावातून स्लोव्हेनियात जाणारी रेल्वे २००१ ला सुरू झाली, तीही नाही. म्हणजे मधल्या दहा वर्षांतला माल. गाडी चालवायला घ्याल तर फसाल, मला काय, मी ठाण्याच्या पुढे गाडी नेत नाही.

आता आतला मजकूर, आणि इथे पैसे वसूल. जिल्हा हंगेरीच्या नैऋत्य टोकाला, क्षेत्रफळ ३,७८४ चौरस किलोमीटर म्हणजे आपल्या मुंबईच्या सहापट, आणि माणसं तीन लाखसुद्धा नाहीत. गावं मात्र अडीचशेच्या वर! त्यात शहरं दहा. उत्तर-दक्षिण अशा एकाला एक लागून दऱ्या, फणीने भांग पाडावेत तशा, आणि त्या दऱ्यांत, टेकड्यांवर बारीक बारीक ठिपके. इबोर्फिया म्हणून एक गाव आहे, तिथे जेमतेम दहा-बारा माणसं राहतात, आमच्या बिल्डिंगच्या लिफ्टला सकाळी त्यापेक्षा मोठी लाईन असते. झाला नावाची नदी पण आहे, ती पूर्वेला जाता जाता एकदम काटकोनात दक्षिणेला वळते, बोट फिरवून बघितलं मी तीनदा.

नावं वाचायला आधी एक गोष्ट शिकावी लागली, यांचा एस म्हणजे श आणि एस-झेड म्हणजे स. एकदा ते बसलं की नावं उलगडायला लागतात. किश म्हणजे लहान, नॉज म्हणजे मोठा, आल्शो खालचा, फेल्शो वरचा. किशरेचे-नॉजरेचे, आल्शोपाहोक-फेल्शोपाहोक. अरे हे तर आपलं खुर्द आणि बुद्रुक! आणि बऱ्याच गावांना पुढे 'झाला' का चिकटवलंय तर १८९८ ला कायदा आला की देशात एका नावाचं एकच गाव पाहिजे, मग सारख्या नावांची गावं वेगळी करायला जिल्ह्याचं नाव लावलं. आपल्याकडे असं करायचं म्हटलं तर वडगाववाले रस्त्यावर उतरतील. जिल्ह्याचं मुख्य शहर झालाएगेरसेग, त्यात झाला नदी, एगेर म्हणजे आल्डरचं झाड आणि सेग म्हणजे कोपरा. गोचेय भागात जंगल तोडून टेकडीवर चार घरांचा पुंजका बसला की तोही सेग. आई मालवणची, ती पोळ्या लाटता लाटता म्हणाली, मग वाडी म्हण की सरळ. बरोबर आहे तिचं.

पूर्वेच्या कडेला निळा रंग दिसतो ते बालाटन सरोवर, त्याचं फक्त पश्चिमेचं टोक या जिल्ह्यात येतं. सगळं मिळून जवळजवळ ५९४ चौरस किलोमीटर, म्हणजे अख्खी मुंबई आत घातली तर थोडीशीच बाहेर राहील. झाला नदी त्यात पडते त्याच्या आधी किश-बालाटन ही दलदल लागते. ती पूर्वी कोरडी करून टाकली होती, मग नदीचा गाळ थेट सरोवरात जायला लागला, पाणी हिरवं पडलं, शेवटी १९८५ पासून परत पाणी भरायला घेतलं. मिठागरं आणि खाडी बुजवून टॉवर बांधणाऱ्यांना हे वाचून दाखवा कोणीतरी. आणि तिथेच कापोल्नापुस्ता म्हणून ठिकाण आहे, तिथे म्हशींचं अभयारण्य! लोक मुद्दाम म्हशी बघायला जातात. आरेच्या तबेल्यासमोर एवढी वर्षं बेस्टची बस पकडली, कोणी तिकीट लावलं नाही नशीब.

हेविझला गरम पाण्याचं तळं, वज्रेश्वरीची कुंडं आठवतील पण हे ४.४ हेक्टरचं, आणि त्यात लाल कुमुदं फुलतात, ती जात मूळची आपल्याकडची.

किल्ल्याची खूण शोधत होते नॉजकानिझाला, १६०० ला तुर्कांनी घेतला आणि १६९० पर्यंत त्यांच्याकडे होता. किल्लाच पाडून टाकलाय नंतर. गंमत म्हणजे नकाशावर जिल्ह्याला नुसतं 'मेज्ये' लिहिलंय, २०२३ पासून सरकारी शब्द 'वारमेज्ये' झाला, वार म्हणजे किल्ला.

तक्रारी: गावांच्या नावांचा फॉन्ट मुंगीएवढा, चष्म्यावर भिंग लागतं. मागची इंडेक्स एका घडीत ओल लागून चिकटलीय, एन पासून पी पर्यंतची गावं देवाला. द्राक्षमळ्याचा रंग आणि जंगलाचा रंग उडून एकच झालाय. पाचपैकी चार, एक स्टार त्या कोपऱ्याचा कापला.

शेजारच्या शोमोज जिल्ह्याचा पण नकाशा गठ्ठ्यात असेल असं काका म्हणालेत, शनिवारी ताडपत्री काढल्यावर बघू म्हणाले. कोणी आधी उचललात तर बघा हं.