कॅलिपरचा बोल्ट ‘काढून नवीन बसवला’ म्हणाले, निघालं फक्त चिकटवलेलं डोकं

पुढच्या डिस्क ब्रेकचा कॅलिपर, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणारा भाग, शॉकअपला धरून ठेवायला दोनच बोल्ट असतात. त्यातला एक माझ्या दुचाकीत पंधरा दिवस नव्हताच. होतं ते त्याचं डोकं, दोन ट्यूब मिसळून लावतात त्या गमाने जागेवर चिकटवलेलं. याच गाडीवर मी रोज मुलीला मागे बसवून नेत होतो. हे आठवलं की अजून हातपाय गार पडतात, म्हणून सगळं नीट लिहून ठेवतोय.

गाडी दिली होती ब्रेक पॅड बदलायला. दुपारी गॅरेजमधून फोन आला, “दादा, कॅलिपरचा वरचा बोल्ट तुटला. आधीच क्रॅक होता, हात लावला आणि गेला. अर्धा आत राहिलाय. ड्रिल मारून काढावा लागेल, आटे जातील, मग हेलिकॉइल टाकून नवीन बोल्ट बसवतो.” हेलिकॉइल म्हणजे आटे गेलेल्या भोकात बसवायची तारेची गुंडाळी, स्प्रिंगसारखी. मला ते पटलं. बोल्ट तुटू शकतो आणि काढताना आटे जाऊ शकतात, हे ऐकून माहीत होतं. संध्याकाळी गाडी घेतली. ड्रिलिंग, हेलिकॉइल, नवीन बोल्ट असे तिन्हींचे पैसे दिले. तुटलेला तुकडा दाखवा म्हटलं तर “कचऱ्यात गेला” असं उत्तर आलं. तिथेच अडून बसायला हवं होतं.

चार-पाच दिवसांनी आवाज सुरू झाला. हळू वेगात पुढचा ब्रेक दाबला की एकदाच ‘टक्’. गाडी हाताने मागे ढकलून ब्रेक दाबला की पुन्हा एक ‘टक्’. गॅरेजवाले म्हणाले, नवीन पॅड आहेत, बसतील हळूहळू. आता कळतंय, तो पॅडचा आवाज नव्हताच. अख्खा कॅलिपर खालच्या एकट्या बोल्टवर किंचित फिरून जागेवर आपटत होता. तो बोल्ट तुटला असता तर कॅलिपर चाकात गेला असता.

रविवारी गाडी धुताना कॅलिपरच्या मागची माती काढत होतो, तेव्हा वरच्या बोल्टचं डोकं बोटाला लागून फिरलं. पाना न लावता, नुसत्या बोटांनी. ओढलं तर हातात आलं. डोक्याखाली सेंटिमीटरभर दांडा आणि त्याभोवती करडा, काचेसारखा तडकलेला गम. कॅलिपरच्या कानातून, म्हणजे बोल्ट जातो त्या भोकातून, आत टॉर्च मारली, तर शॉकअपच्या भोकात उरलेला बोल्ट जसाच्या तसा बसलेला. हेलिकॉइलची गुंडाळी असती तर टॉर्चमध्ये चमकली असती. तिचा मागमूसही नव्हता.

गाडी तिथेच उभी केली आणि टेम्पोत घालून लेथचं काम करणाऱ्या एका काकांकडे नेली. त्यांनी आधी भोकाकडे पाहिलं आणि म्हणाले, “याला कुणी हातच लावलेला नाही.” तुटलेल्या तोंडावर पंचाची, म्हणजे टोकदार हत्यार ठोकून केलेल्या खड्ड्याची, एक खूणसुद्धा नव्हती. ड्रिल मारायचं तर आधी मधोमध पंच मारावाच लागतो, नाहीतर बिट घसरून ॲल्युमिनियमच्या आट्यांत शिरतं. दुसरी गोष्ट त्यांनी गम खरवडून दाखवली. तुटलेलं तोंड चकचकीत होतं, पीळ पडल्यासारखं. बोल्टला जुना क्रॅक असेल तर तेवढा भाग गंजून काळपट दिसतो. हा ताजा तुटलेला होता, जास्त आवळून. ज्या गमाने फसवलं त्याच गमाने ते तोंड गंजू दिलं नव्हतं.

काढायला किती वेळ लागला? रात्रभर गंज सोडवणारं तेल मारून ठेवलं आणि सकाळी अर्धा तास. काकांनी पंच मारला, तीन मिलिमीटरचं भोक पाडलं आणि मग पाच मिलिमीटरचं उलट्या धारेचं बिट लावून ड्रिल उलटं फिरवलं. बिटाने तुकडा पकडला आणि तो गोल फिरत बाहेर आला. आवळून तुटलेल्या बोल्टचं असंच असतं, असं ते म्हणाले. डोकं तुटलं की ताण संपतो आणि आतला तुकडा बऱ्याचदा मोकळाच असतो. गंजून धरलेला असता तर गोष्ट वेगळी. तिथे गरम करतात, कारण ॲल्युमिनियम लोखंडाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावतं आणि पकड सुटते. पण शॉकअपमध्ये तेल आणि सील असतात, त्यामुळे इथे त्यांनी आच लावलीच नाही. तुटलेला बोल्ट आतून पकडून काढायचं हत्यार, इझी आउट, तेही टाळलं. ते कडक पोलादाचं असतं, आत तुटलं तर साधं बिट त्यावर चालत नाही.

आटे शाबूत होते. त्याच मापाचा टॅप, म्हणजे आटे पाडायचं हत्यार, नुसता साफ करायला फिरवला. म्हणजे हेलिकॉइलची गरजच नव्हती. अर्ध्या तासाचं सरळ काम होतं, ते न करता त्यांनी माझ्या ब्रेकला गम लावला. चोरीपेक्षा मला याचाच जास्त राग आहे. नवीन बोल्ट कंपनीचा, त्याच लांबीचा घेतला आणि मॅन्युअलमधल्या आकड्याला टॉर्क रेंचने, म्हणजे किती जोर लागतोय ते दाखवणाऱ्या पान्याने, आवळला. एअर गनने नाही.

डोकं, तुकडा आणि फोटो घेऊन पहिल्या गॅरेजमध्ये गेलो. “मध्ये दुसरीकडे खोललं असेल,” म्हणाले. बिलावर नुसतं ‘ब्रेक काम’ लिहिलेलं होतं, त्यामुळे माझ्याकडे दाखवायला काही उरलं नाही. पैसे मिळाले नाहीत.

तुमच्याकडे तुटलेला बोल्ट काढायचं काम निघालं तर बिलावर कुठला बोल्ट आणि काय केलं ते लिहून घ्या, जुना तुकडा मागा. त्याला ड्रिलचं भोक किंवा पंचाची खूण दिसली पाहिजे. पूर्णच ड्रिल करून काढला असेल तर निदान आतले आटे दिसतील असा भोकाचा फोटो मागा. आणि ब्रेकचं काम झालेलं असेल तर आजच कॅलिपरच्या दोन्ही बोल्टना बारा नंबरचा किंवा जो बसेल तो पाना लावून, जोर न करता, फक्त ते घट्ट आहेत का एवढं बघा.