सांगलीहून ट्राउटच्या पाण्यावर: न्यूझीलंड, स्लोव्हेनिया की भूतान?

तासगावच्या माझ्या एका द्राक्ष बागायतदार मित्राचा परवा फोन आला. पोरगी नोकरीला लागली, बागेचं कर्ज फिटलं, आता एकदा परदेशातल्या नदीत उभं राहून ट्राउट, म्हणजे थंड पाण्यातला तो मासा, धरायचाय म्हणाला. "न्यूझीलंड करू का स्लोव्हेनिया? का आपलं भूतानच बरं?" मी तिन्हीकडं जाऊन आलोय म्हणून मला विचारलं. फोनवर तासभर बोलूनही पुरलं नाही, म्हणून हे लिहून काढतोय.

निकाल आधीच सांगून टाकतो. पहिलीच खेप असेल आणि हातात आठ-दहा दिवस असतील, तर स्लोव्हेनिया. मी आधी न्यूझीलंड केलं आणि ते मला महागात पडलं. का, ते कळायला थोडं हाताबद्दल बोलावं लागेल.

कृष्णेवर आपण गळ टाकतो तेव्हा शिशाचं वजन पुढं जातं आणि दोरी त्याच्यामागं ओढली जाते. फ्लाय फिशिंगचं, म्हणजे खोट्या माशीनं ट्राउट धरायचं, सगळं उलटं. पिसं आणि केस गुंडाळून केलेली खोटी माशी इतकी हलकी, की नुसती फेकली तर आपल्याच तोंडावर येते. इथं वजन असतं ते दोरीला. ती जाड दोरी काठीनं मागं न्यायची, हवेत पूर्ण सरळ होऊ द्यायची आणि मग पुढं सोडायची. माशी नुसती तिच्या शेपटाला लागून जाते. गोफण फिरवलेला हात इथं हमखास चुकतो. आसुडासारखा कडाका निघाला, की समजायचं माशी तुटून मागच्या झुडपात गेली. दोरी मागं सरळ होईपर्यंत जो पाऊण सेकंद थांबायचं असतं, तेवढं शिकायला मला दोन उन्हाळे लागले. हरिपूरला कृष्णा-वारणा संगमाच्या अलीकडं, सकाळी सहाला, टोकाला गळाऐवजी लाल लोकरीचा तुकडा बांधून. जाळं आवरणारे एक मामा रोज बघायचे. आठव्या दिवशी त्यांनी विचारलं, "पाहुणं, गळच न्हाई तर मासा कशाला अडकंल?"

आता न्यूझीलंड. मी गेलो दक्षिण बेटावर, साउथलँडच्या मटाउरा नदीवर. तिथलं गोर हे गाव स्वतःला ब्राउन ट्राउटची जागतिक राजधानी म्हणवतं आणि गावात ट्राउटचा भला मोठा पुतळा उभा आहे. मासा मूळचा तिथला नाही; ब्राउन ट्राउट १८६७ साली टास्मानियातून अंडी आणून रुजवला, रेनबो ही ट्राउटची दुसरी जात १८८३ साली कॅलिफोर्नियातून आली. पण नद्या त्याला अशा मानवल्या, की दीड-दोन किलोचा मासा तिथं नवलाचा नाही. अडचण अशी, की डोंगराकडच्या स्वच्छ नद्यांत मोठे मासे विरळ असतात आणि त्यांना माणूस कळतो. तिथं नदीत उगाच माशी टाकत बसत नाहीत. काठाकाठानं प्रवाहाच्या उलट चालायचं, पाण्यावरची चमक कापणाऱ्या पोलराइज्ड चष्म्यातून तळ न्याहाळायचा, मासा दिसला की थांबायचं आणि एकच फेक नीट करायची.

माझा तिसरा दिवस सांगतो. गुडघाभर पाण्यात, पिवळसर गोट्यांच्या वर, हातभर लांबीचा ब्राउन डोलत उभा होता. म्हणजे आधी दिसली ती त्याची सावली, मासा नंतर. गाइड कुजबुजला, दहा मीटर, थोडं डावीकडं. वारा वायव्येचा, तोंडावर. पहिली फेक आखूड पडली, मासा हलला नाही. दुसऱ्या फेकीत दोरीची सावली त्याच्या पाठीवरून गेली. तो वळला आणि खोल पाण्यात निघून गेला. घाईसुद्धा केली नाही त्यानं. सहा दिवसांत मी दोन मासे धरले. गाइडचा दर दिवसाला १००० न्यूझीलंड डॉलरच्या आसपास, म्हणजे पन्नासेक हजार रुपये. हिशेब तुम्हीच करा. मी केला नाही, बायकोनं केला.

स्लोव्हेनियात हात कच्चा असला तरी नदी सांभाळून घेते. सोचा नदी ज्युलियन आल्प्समधून निघते आणि १३८ किलोमीटर वाहून इटलीत समुद्राला मिळते. पाण्याचा हिरवट-निळा रंग फोटोत खोटा वाटतो. काठावर उभं राहिलं तरी क्षणभर खोटाच वाटतो. तोलमिन किंवा कोबारिदला खोली घेतली, की सोचा, इद्रिय्त्सा आणि त्यांचे ओढे तासाभराच्या टप्प्यात येतात. एका ठिकाणी जमलं नाही तर जेवण करून दुसरीकडं. रेनबो भरपूर, आणि ते फेकीतल्या चुका पोटात घालतात. पहिल्याच दुपारी मी पाच धरले. लगेच फुशारकी नको. त्यातले बरेचसे मुद्दाम वाढवून नदीत सोडलेले मासे असतात.

पण खरं बघायचं ते मार्बल ट्राउट. अंगावर ठिपके नाहीत, जुन्या हिशेबवह्यांच्या पुठ्ठ्यावर अबरी कागद असायचा ना, तशी ऑलिव्ह-तपकिरी वळणं. हा मूळचा तिथलाच, मीटरभर वाढतो. विसाव्या शतकात बाहेरून ब्राउन ट्राउट आणून सोडला, दोघांचा संकर झाला आणि शुद्ध वंश फक्त धबधब्यांच्या वरच्या, अडनिड्या ओढ्यांत उरला. तिथून तो वाचवून पुन्हा वाढवायचं काम १९९३ पासून चालू आहे. म्हणून नियम कडक. बऱ्याच टप्प्यांवर फक्त माशी, तीही उलटा काटा नसलेल्या गळावर, आणि धरलेला मासा सोडायचा. शेवटच्या दिवशी माझ्या दोरीला वीतभर रेनबो लागला होता. जवळ ओढत होतो तेवढ्यात खडकाखालून एक लांब काळपट आकार आला, त्यानं तो रेनबो आडवा तोंडात धरला आणि माझ्याकडं बघत, निदान मला तसं वाटलं, दोन सेकंद थांबला. मग सोडून दिला. रेनबोच्या दोन्ही बाजूंना दातांच्या ओळी. मार्बल काही माझ्या हाताला लागला नाही, पण त्या प्रवासातलं मी सगळ्यांना सांगतो ते एवढंच.

एक इशारा. त्या डोंगरात पाऊस बेभरवशाचा आणि जोराचा. इद्रिय्त्सा गढूळ झाली की निवळायला वेळ लागतो. सलग सहा दिवस मासेमारीचे धरू नका, मधे एक-दोन दिवस मोकळे ठेवा. कोबारिदला पहिल्या महायुद्धातल्या सोचा आघाडीचं चांगलं संग्रहालय आहे, पावसाचा दिवस तिथं कारणी लागतो.

पैशांचा हिशेब मात्र वाटतो तसा सरळ नाही. सोचाच्या पाण्यावर परवाना रोजचा, टप्प्यानुसार साधारण ६० ते १०० युरो. गाइड घेतला तर आणखी ३००-४०० युरो. न्यूझीलंडमध्ये परदेशी माणसाला अख्ख्या हंगामाचा परवाना अडीचशे-तीनशे न्यूझीलंड डॉलरच्या घरात मिळतो. उत्तर बेटावरच्या ताउपो तळ्याचा भाग वेगळा आणि काही नामांकित पाण्यांना जादा परवानगी लागते, तेवढं सोडलं तर सगळी नदी मोकळी. म्हणजे सोचावरच्या दोन दिवसांच्या पैशांत तिकडं महिनाभर. कुणाचा मुलगा ऑकलंडला असेल, महिना-दीड महिना राहायचं असेल आणि गाइडशिवाय भटकायची तयारी असेल, तर माझा निकाल फिरवा. त्याला न्यूझीलंडच स्वस्त. शिवाय गाडी तिकडं डावीकडून चालते. स्लोव्हेनियात उजवीकडून, आणि घाटातल्या वळणांवर पहिले दोन दिवस जीव मुठीत असतो. आंतरराष्ट्रीय परवाना आपल्या आरटीओतच मिळतो, वर्षभर चालतो.

आता तासगावकराचा खरा प्रश्न, जो त्यानं विचारलाच नाही: बाग. न्यूझीलंडच्या बहुतेक नद्यांचा हंगाम १ ऑक्टोबर ते ३० एप्रिल. म्हणजे फळछाटणी, डाऊनी रोगावरच्या फवारण्या, थिनिंग म्हणजे घडांची विरळणी, माल उतरवणं आणि वर खरड छाटणी, सगळं नेमकं त्यात. अवकाळीचं ढग आलेलं असताना हा माणूस मटाउरात उभा राहून काय मासा बघणार? बेदाण्याच्या शेडकडं जीव लागलेला. सोचाचा हंगाम एप्रिल ते ऑक्टोबर. त्यातही मे अखेरपर्यंत बर्फाचं पाणी असतं, जुलै-ऑगस्टला पर्यटकांच्या रबरी होड्या. जून चांगला, पण सप्टेंबरचे पहिले दोन आठवडे मला सगळ्यांत आवडले: पाणी उतरलेलं, काठ रिकामे. आगाप, म्हणजे लवकरची, छाटणी धरली नसेल तर द्राक्षवाल्याला इतका सोयीचा मुहूर्त दुसरा नाही.

भूतानबद्दल थोडक्यात. व्हिसा नको, पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र पुरतं, भारतीयाला रात्रीला १२०० रुपये शाश्वत विकास शुल्क. पारोच्या नदीत ब्राउन ट्राउट आहेत, आकारानं लहान. मठ-मंदिरांच्या आसपास आणि पवित्र तिथींना मासेमारीला बंदी असते, त्यामुळं दिवस आधी तपासून घ्या. यात खटकण्यासारखं काही नाही. औदुंबरला दत्ताच्या घाटासमोर आपण तरी गळ टाकतो का? घरचे सगळे बरोबर असतील आणि मासा हा सहलीतला एक सकाळचा भाग असेल, तर भूतान उत्तम. नुसत्या माशासाठी जाऊ नका. त्यापेक्षा हिमाचलात तीर्थन खोऱ्यात चार दिवस जा. कुल्लूत ट्राउट १९०९ सालापासून आहे, नोव्हेंबर ते फेब्रुवारी बंदी, बाकी वेळ परवाना काढून गळ टाकता येतो. परदेशाआधी हात तिथंच तापवावा. कृष्णेत फेक शिकता येते, पण फेकीला येणारा ट्राउट नाही. पाणी विसाच्या पुढं तापलं की तो कासावीस होतो, आपली नदी तर उन्हाळ्यात अंघोळीच्या पाण्यासारखी.

सामानाचं एकच सांगतो, कारण तिथं मी अडकलो. न्यूझीलंडच्या विमानतळावर वापरलेले बूट, वेडर (पाण्यात उभं राहायची जलरोधक विजार), जाळी, सगळं जाहीर करावं लागतं. लपवलं तर जागेवर ४०० डॉलर दंड. मी जाहीर केलं होतं, पण बुटाच्या खाचांत हरिपूरचा गाळ वाळून बसला होता, तो मी घरी बघितलाच नव्हता. अधिकारी बाईंनी बूट आत नेऊन धुऊन आणले, वर हसून दिले. मला मात्र शाळेत नखं तपासताना वाटायचं तसं वाटलं. डिडिमो नावाचं शेवाळ २००४ साली तिथल्या नद्यांत सापडल्यापासून ही सावधगिरी वाढली आहे, फेल्टच्या, म्हणजे नमद्यासारख्या कापडाच्या, तळाचे बूटही तिकडं चालत नाहीत. माश्या इथून करून नेऊ नका. मोरपीस वापरलेली तर अजिबात नको, मोरपिसं देशाबाहेर न्यायला आपल्याकडंच मनाई आहे. काठी चार तुकड्यांची, नऊ फुटी, पाच नंबरच्या दोरीची घ्या. तिन्ही देशांत चालते. चेक-इनच्या बॅगेत टाका, गळ तर नक्कीच.

आणि न्यूझीलंडच्या हॉटेलात ट्राउट मागू नका, तिथं तो विकायला कायद्यानं बंदी आहे.

तर तासगावकर, सप्टेंबर धरून चाला. स्लोव्हेनियाला लागणाऱ्या शेंगेन व्हिसाचा अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो. बोटांचे ठसे द्यायला व्हिसा केंद्रावर जावं लागतं, ते काम मे-जूनमध्येच उरकून घ्या. जुलैअखेरवर ढकलू नका. सांगलीच्या आयर्विन पुलाखाली पाणी चाळीस फुटांवर गेलं, की तारीख मिळालेली असूनही तुम्ही दारात बसून कोयनेच्या विसर्गाचे आकडे मोजत राहाल.