रोज एक शब्दकोडं : आठ महिन्यांचा अनुभव (वय ६७)

सुरुवात फजितीने झाली. ऑफिसात पंधरा वर्षं माझ्या शेजारच्या टेबलावर बसलेल्या गृहस्थांची ओळख करून द्यायला तोंड उघडलं आणि नावच आठवेना. आडनाव आठवलं, त्यांची डब्याची पिशवी आठवली, नाव नाही. ते आठवलं रात्री, दात घासताना. दुसऱ्या दिवसापासून कोडी सुरू केली. मोठ्या टायपातलं शब्दकोड्यांचं पुस्तक आणलं, आणि मुलीने फोनवर मेंदूच्या व्यायामाचं एक ॲप टाकून दिलं.

ॲपचं आधी उरकते. पहिल्या दिवशी त्याने माझ्या मेंदूचं वय ७४ सांगितलं, तिसऱ्या आठवड्यात ५१. मेंदू तेवीस वर्षांनी तरुण झाला त्याच दिवशी मी डोक्यावरचा चष्मा घरभर शोधत होते. खेळ तेच, फक्त बोटांना सवय झाली होती. असल्याच दाव्यांवरून २०१६ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने एका कंपनीला धरलं होतं आणि तिने २० लाख डॉलर भरून प्रकरण मिटवलं, हे नंतर वाचलं. दीड महिन्यात ॲप काढून टाकलं.

पुस्तक मात्र टिकलं. आपल्या कोड्यात एका घरात एक अक्षर बसतं, तेही काना-मात्रा-वेलांटीसकट. जोडाक्षर असलं तरी घर एकच. ‘जीर्ण’ दोन घरांत संपतो. आडव्यात ‘जी’ आला तर उभ्यातही ‘जी’च हवा, ‘जि’ चालत नाही. आयुष्यभर वेलांट्या अंदाजाने दिलेल्या बाईला हे चांगलंच महागात पडलं. कोडं रचणाराही कधी कधी माझ्याच पंथाचा निघतो. एका पानावर ‘रवी’, पुढच्या पानावर ‘रवि’. तिथे डोकं खाजवत बसण्यात अर्थ नाही, उत्तर बघून मोकळं व्हावं.

खरी गंमत कळली ती एका चार अक्षरी शब्दात. ‘घाईगडबड’. मी बेधडक ‘धावपळ’ लिहिलं. उभ्या शब्दाने तिसरं अक्षर ‘ब’ दिलं, म्हणून खोडून ‘लगबग’. मग शेवटच्या घरात ‘कमळ’चा ‘ळ’ येऊन बसला. म्हणजे तिसरं ‘ब’, चौथं ‘ळ’. शब्द मला माहीत होता, अगदी ओठांवर होता. पण आठवायला गेलं की ‘लगबग’ दारात आडवी. वीस मिनिटं झटापट केली, पुस्तक मिटलं, कपडे वाळत घालायला गेले. तिसरा चिमटा लावताना ‘तारांबळ’ आपणहून हजर.

चुकीचा जवळचा शब्द योग्य शब्दाची वाट अडवतो, आणि आपण बाजूला झालो की तो अडथळा सैल होतो, असं यामागचं एक स्पष्टीकरण देतात. वय वाढतं तशी ही ओठांवरची अडवणूक वाढते, विशेषनामांत सर्वांत जास्त. शब्दसाठा मात्र साठीतही बहुतेकांचा चांगला शाबूत असतो. कोठार भरलेलं असतं, किल्ली सापडायला वेळ लागतो. माझी भीती यानेच निम्मी झाली. बाकी निम्मी कानाच्या तपासणीने: काही नावं मी विसरले नव्हते, मुळात नीट ऐकलीच नव्हती!

फायदा किती? बोलताना शब्दासाठी अडखळणं कमी झालंय, पत्र लिहिताना हात अडत नाही. किराणा मात्र अजून यादीशिवाय आणता येत नाही. यात नवल नाही. अमेरिकेत ६५ वर्षांवरच्या २,८०० हून अधिक लोकांवर ‘ॲक्टिव्ह’ नावाचा मोठा अभ्यास झाला. ज्याने जो सराव केला, तो त्यातच सुधारला. स्मरणशक्तीचा सराव करणाऱ्याची तर्कबुद्धी काही वाढली नाही. दुसरीकडे, २०२२ मध्ये सौम्य विस्मरण असलेल्या १०७ जणांवरच्या प्रयोगात ७८ आठवड्यांनंतर शब्दकोडी सोडवणारे संगणकावरचे मेंदूचे खेळ खेळणाऱ्यांपेक्षा थोडे सरस ठरले. वाचून मी खूश झाले, खोटं कशाला बोलू. पण काहीच न करणारा तिसरा गट त्यात नव्हता, म्हणून फार नाचले नाही.

तिसऱ्या महिन्यात एक चूक लक्षात आली. कोडी भराभर सुटायला लागली होती आणि मी हुरळले होते. ‘सूर्य, दोन अक्षरी’ म्हटलं की हात ‘रवी’ नाहीतर ‘भानू’ लिहून मोकळा. त्यात डोकं कुठे चाललं? मग अवघड भाग आणला. आता निम्मंही भरत नाही, उरलेली घरं संध्याकाळपर्यंत तशीच ठेवते. मुलगी फोनवर म्हणते, “आई, उत्तरं मागे दिलीयत ना गं?” दिलीयत. ती पानं मी स्टेपल करून टाकली आहेत. ‘रवि’सारख्या प्रसंगी पिना उचकटाव्या लागतात, तेवढं चालतं.

तक्रार एकच, बैठक फार होते. मान आखडायला लागली तेव्हा वीस मिनिटांचा गजर लावायला लागले. अडलेला शब्द डोक्यात घेऊन चालायला जाते. निम्मे शब्द वाटेत सुटतात.

परवा तेच सहकारी पुन्हा भेटले. नाव पटकन आठवलं. त्यांच्या पत्नीचं मात्र त्यांनाच विचारावं लागलं.